परसरामची दुसरी तार

परसराम साउंडवाल्यानं आपली मेलेली बायको भोंग्यात कोंडून ठेवली आहे, असं आमच्या गावात एकेकाळी छातीठोकपणे सांगत. तुमसरच्या बाजारातही सांगत. मी त्याचा भिंतीला भिंत शेजारी, म्हणून दुरुस्ती करतो. भोंग्यात नव्हे, वायरीत. आणि बायको नव्हे, नागपूरचं रेडिओ स्टेशन. पण माझं कोणी ऐकत नाही, कारण एरवी मी जे सांगतो ते सहसा खरं नसतं.

परसराम लग्नांना, सभांना, पण मुख्य म्हणजे दिवाळीनंतरच्या मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतल्या, नाटकाला माइक आणि भोंगे लावायचा. बोलायला कंजूष. त्याच्या वाट्याचं त्याची बायको तुळसा बोलायची. दुपारी स्टेज बांधून झालं की हा आवाज वाढवायच्या मशीनजवळ बसे आणि ती माइकसमोर उभी राही. "हॅलो हॅलो" म्हणायची तिला लाज वाटे. ती धानाच्या रोवणीचं गाणं गुणगुणे, शब्द गिळून, नुसता सूर. त्यावर हा आवाज कमीजास्त करी. मी म्हणायचो, "वहिनी, मोठ्यानं म्हणा, भंडाऱ्याले जाऊ द्या आवाज." ती म्हणे, "भंडाऱ्याले कायले? जेले आयकाचं तो आयकून राहिला."

सत्त्याहत्तर साली काविळीनं ती गेली.

त्याच वर्षीच्या मंडईत स्टेज राइस मिलच्या बाजूला बांधलं आणि मशीन लांब, चिंचेखाली ठेवलं. माइकची वायर मिलच्या विजेच्या तारांखालून ओढावी लागली. दुपारी परसरामनं बटण दाबलं. आधी भुंग्यासारखी भुणभुण आली आणि तिच्याखालून एक बाई गाऊ लागली. शब्द कळत नव्हते. माइकसमोर कोणी नव्हतं.

परसरामचा हात बटणावरच राहिला.

तुळसाची आई गिरजाबाई मंडईत फुटाणे विकायला बसली होती. टोपली उचलून थेट भोंग्याखाली येऊन बसली. "माही तुळसा हाये," एवढंच बोलली. मशीनच्या अर्थिंगसाठी परसरामनं जमिनीत लोखंडी सळई ठोकली होती. म्हातारीला वाटलं, पोरगी तिथूनच वर येते. "तहान लागली असन तिले," म्हणत तिनं तांब्याभर पाणी सळईवर ओतलं. जमीन ओली झाली, अर्थिंग पक्कं झालं, तशी भुणभुण उतरली आणि बाईचा आवाज मोकळा झाला. आता ही अर्थिंगची करामत, हे म्हातारीला कोण समजावणार होतं? दिवस मावळेपर्यंत सळईला हळद-कुंकू लागलं होतं आणि बाया रांगेनं पाणी घालत होत्या.

दुसऱ्या रात्रीच्या नाटकातली नायिका चंद्रकला म्हणाली, मी बोलत असताना दुसरी कोणी गाणार असेल तर मी स्टेजवर चढत नाही. मग मंडळाचे अध्यक्ष श्यामराव परसरामकडे आले. "उद्या दुपारपावतो हे बंद कर. नाही तं साउंड तुमसरहून येईन, अन् पुढंही तिथूनच येईन."

बंद कसं करायचं ते परसरामला ठाऊक होतं. मलाही त्यानं सांगितलं. त्या वायरीत आत एकच तार आणि वर जाळी. जाळीच परतीची वाट, तीच पांघरूण. लांब ओढली की विजेची भुणभुण आणि रेडिओ, दोन्ही अंगावर घेते. जवाहरनगरच्या कारखान्याच्या हॉलात त्यानं दुसरी तऱ्हा पाहिली होती. आत पिळलेल्या दोन तारा, जाळी वेगळी. माइकचा आवाज एकीतून सुलटा जातो, दुसरीतून उलटा. बाहेरचा उपद्रव मात्र दोघींवर सारखाच पडतो. मशीनजवळच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोघींतला फरक तेवढा पुढे जातो, सारखं असेल ते गळून पडतं.

"कळलं," मी म्हटलं. "शेजाऱ्यानं दोघा भावांच्या कानात एकच चुगली भरली, अन् भाऊ समोरासमोर बसले, का चुगली मेली." माझ्या धंद्याचीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी दोन तारांची नवी वायर आली. श्यामरावांनी हात लावून पाहिली. दुपारी परसरामनं बटण दाबलं. बाई गातच होती.

आता मात्र लोक खरे घाबरले. नव्या वायरीतूनही येते, म्हणजे तुळसाच. मला राहवेना. परसराम पाणी प्यायला गेला तसा मी मशीनकडची पिन खोलून पाहिली. दुसरी तार त्यानं जाळीलाच सोल्डर करून टाकली होती. ट्रान्सफॉर्मर लावलाच नव्हता. वायर दोन तारांची, काम एकाच तारेचं.

मान वळवली तर तो मागेच उभा.

"चुकून जोडली का रे?"

"नाही."

मी पिन होती तशी लावून टाकली.

तेवढ्यात गिरजाबाई भोंग्याकडे तोंड करून म्हणाली, "तुळसे, घरी चाल वं. किती उभी राहशीन?" गाणं थांबलं. म्हातारीनं दोन्ही हात पुढे केले. आणि त्याच भोंग्यातून एक पुरुष खणखणीत आवाजात बोलू लागला. धानावरच्या तुडतुड्यांबद्दल, कोणतं औषध किती फवारायचं ते. मी हसणार होतो, पण म्हातारीचा चेहरा पाहिला. ती मागे सरकत सरकत टोपलीवर पडली, फुटाणे सांडले.

"जवाईबापू, माह्या पोरीच्या गळ्यातून माणूस बोलून राहिला. सोडवा तिले."

हा रेडिओ आहे, असं परसराम म्हणाला नाही. त्यानं सोल्डरिंग आयर्न तापवलं, जाळीवरची तार सुटी केली, तिच्या जागी लावली आणि खिशातून ट्रान्सफॉर्मर काढून जोडला. मग बटण दाबलं. भुणभुण नाही, माणूस नाही, बाई नाही. तो स्टेजवर गेला आणि माइकवर बोटानं टकटक केली. मैदानभर नुसते ठोके ऐकू आले.

गिरजाबाई बराच वेळ कान देऊन होती. "सुटली," म्हणाली, आणि फुटाणे वेचू लागली.

नाटक झालं. पुढची कितीतरी वर्षं परसरामइतका साफ आवाज आमच्या भागात कोणाचा नव्हता. श्यामराव तर तो साफ आवाज आपणच शोधून काढल्यासारखे सांगत. पण काम नसलं की दुपारी भिंतीपलीकडून भुणभुण येई. मी डोकावे. अंगणात जुनी एका तारेची वायर विजेच्या खांबापर्यंत ताणलेली आणि परसराम भोंगा मांडीशी घेऊन बसलेला. गाणं संपलं की, माणूस बोलायला लागायच्या आत, तो बटण बंद करी.

एकदा मी म्हटलंच, "काहून रे परसराम, रेडिओ हाये हे तुले माहीत. मंग मेलेल्या बायकोचं म्हणून किती वर्सं आयकशीन?"

तो म्हणाला, "देवाभाऊ, तुमची तं जिती बोलून राहिली घरात. तिचं आयकलं का कधी?"