भाऊजींची दहा बोटं

माझे धाकटे दीर वलगावला भाजीपाला लावतात. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. गेल्या वर्षी शेजारच्या वावरातली पाण्याची मोटर चोरीला गेली आणि पोलिसांनी भाऊजींनाच उचललं. कोणीतरी सांगितलं म्हणे, काल हाच माणूस मोटरीपाशी बसला होता. बसले होतेच! बिघडली म्हणून दुरुस्त करून देत होते.

ठाण्यात दहाही बोटांचे ठसे, दोन्ही तळवे, फोटो, डोळे, सगळं यंत्रात घेतलं. चौथ्या दिवशी स्टार्टरच्या पेटीवरच्या ठशांवरून खरा चोर सापडला आणि भाऊजी सुटले. खटलाही भरला नाही. म्हणजे ठशांनीच वाचवलं, हे मी कबूल करते.

घरी आले तशी मी म्हटलं, "सुटले ना भाऊजी? आता जेवा."

"मी सुटलो वयनी. बोटं तिथंच हायेत."

मग मी एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नव्या कायद्यानं पोलिसांना हे घेता येतं, नोंद पंचाहत्तर वर्षं राहते. पण ज्याला आधी कधी शिक्षा झाली नाही आणि जो खटल्याशिवाय सुटला, त्याची नोंद पुसायची, हेही त्याच कायद्यात आहे. अर्ज केला. ठाण्यातल्या पोलीसबाईनं पोच दिली, बसायला खुर्ची दिली. "वर पाठवतो काकू," म्हणाली. अजून वरच आहे.

तेवढ्यात राशन दुकानाचा निरोप आला, अंगठा देऊन जा, नाहीतर कार्डावरून नाव कटते. भाऊजी जाईनात. त्यांच्या डोक्यात बसलं की सगळी यंत्रं आतून एकच. अंगठा ठेवला की 'पकडला होता' असं उमटणार आणि अख्खी रांग वाचणार. मी हसले नाही. तसं नसतं हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी सोबत गेले. मातीत राबून अंगठा झिजलेला, यंत्र घेईना. दुकानदार म्हणाला, "डोळा दाखवा."

भाऊजी दोन पावलं मागे सरले. "डोळा बी त्याईनं घेतला होता."

मागून एक म्हातारी ओरडली, "अरे बाप्पा, पोरगी पाह्याले आला का? दाखव ना डोळा!"

मी दुकानदाराला विचारलं, "तुमच्या यंत्रात काय काय दिसते जी?"

"नाव, माणसं आन् धान्य. लोकाईच्या भानगडी दिसल्या असत्या काकू, तर मी इथं गहू मोजत बसलो असतो का?"

रांग हसली. भाऊजी हसले नाहीत. पुढे झाले, डोळा लावला. यंत्र वाजलं.

"काय आलं?"

"तुमचं नाव. माणसं पाच. गहू, तांदूळ."

"जोरात वाचा."

त्यानं जोरात वाचलं. भाऊजी रांगेकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "आखीन एकडाव."