तुसांचं कांडण

"खोली रिकामी नाहीये, उल्का. डोळे आहेत ना तुला?"

"आहेत. म्हणूनच विचारते. या खोक्यांत आहे काय?"

"काय आहे म्हणजे? शब्दकोशाचं काम आहे!"

"ते कुठे आहे, हेच विचारते."

परशुरामांनी हातातली पट्टी आपटली. मधल्या खोलीत भिंतीला लागून तीन फळ्या, फळ्यांवर अठ्ठेचाळीस खोकी, प्रत्येकावर सुरेख अक्षरात एकेक वर्ण. दारात मुलगा मुकुल आणि सून मनस्विनी कामावर जायच्या कपड्यांत उभी होती. कोणाच्या बाजूनं बोलावं ते दोघांनाही कळत नव्हतं.

"रविवारी अनिल मुंबईला परत जाणार," उल्का म्हणाली. "हौसाला उठून बसता येत नाही. उजवा हात गेला, पाय गेला. त्याची तिकडे दहा बाय दहाची खोली, बायको कामाला जाते. आईला कुठल्यातरी आश्रमात ठेवतो म्हणतोय. आपल्याकडे तीस वर्षं राबली ती बाई. तिनं आता आश्रमात जायचं?"

"मी नाही म्हणतोय का? पण घाईनं काही करायचं नाही. आधी सगळे पर्याय मांडू." परशुरामांनी कोरा कागद ओढला, पट्टीनं समास आखला आणि वर लिहिलं, 'हौसाची व्यवस्था'. खाली दोन रेघा मारल्या. "शुक्रवारी लांज्याला जाऊन प्रत्यक्ष पाहून येऊ. मग ठरवू."

आठ दिवसांपूर्वी अनिलचा फोन आला होता, आईच्या अंगावरून वारं गेलं. फोन परशुरामांनी घेतला होता आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "पण बोलता येतं ना?" तो प्रश्न उल्काच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता.

परशुरामांना आळशी म्हणायची कोणाची टाप नव्हती. पहाटे पाचाला उठणारा माणूस. कचेरीत कारकून होते तेव्हा त्यांच्या फायली इतक्या देखण्या असत की नव्या माणसांना मुद्दाम दाखवत. आतलं प्रकरण निकालात निघालं का, हे मात्र विचारू नये. घरी विहिरीचा पंप बिघडला तेव्हा तीन दिवस बसून त्यांनी पंपाचा आराखडा काढला, रंगीत पेन्सिलींनी. ते तीन दिवस पाणी हौसानं रहाटानं ओढलं. मुकुलच्या मुंजीला निमंत्रितांच्या तीन याद्या झाल्या, गावांप्रमाणे, नात्यांप्रमाणे आणि आडनावांप्रमाणे, आणि पत्रिका टाकायच्या राहिल्या. शेजारीपाजारी म्हणत, "किती धावपळ करतात हो तुमचे हे!"

हौसा तसं म्हणत नसे. ती लांज्याजवळच्या वाडीतली. आंब्याच्या हंगामात पेट्यांत पेंढा भरायला म्हणून आली आणि राहिली. मुकुलच्या वेळी उल्काचं माहेर नावापुरतंच उरलं होतं, तेव्हा सव्वा महिना बाळंतिणीचं सगळं हौसानं केलं. आत परशुरामांचं काही चालू असलं, की उल्का तिला विचारी, "काय चाललंय गं?" हौसा जाता जाता एक शब्द टाकी आणि पुढच्या कामाला लागे.

तिच्या लेखी ते शब्द एकाच्या जागी दुसरा असे चालत नसत. इथली वस्तू तिथं ठेवली, पुन्हा तिथली इथं आणली, तर ती उठाठेव. दुसऱ्याच्या कामात हात घातला तर लुडबुड. काम करायचं मनातच नसलं तर टिवल्याबावल्या. चौघं ओटीवर बसून एकाच गोष्टीचा भुगा पाडत राहिले तर काथ्याकूट. आणि सगळ्यात वाईट, तुसं कांडणं.

"म्हंजे कसा, वैनी," तिनं एकदा विहिरीवर समजावलं होतं, "भात कांडून झाला, तांदूळ काढून नेला. मागं उरली तुसां. तीच कोन कांडीत बसला, तर हात तेवडेच भरून येतात, घाम तेवडाच येतो. मुसळाचा आवाज साऱ्या वाडीत जातो. लोकांना वाटतां, काय काम चाल्लाय! आणि उखळात बगावा तर..." तिनं दोन्ही ओले तळवे उल्कापुढे पसरले होते.

परशुरामांना हे शब्द फार आवडत. ते आपल्यावरच बेतलेले आहेत, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, की हौसाच्या तोंडचे जुने शब्द नाहीसे व्हायच्या आत टिपून ठेवायचे, आणि पहिलं प्रकरण करायचं ते याच शब्दांचं. त्याला सहा वर्षं झाली. पहिलं वर्ष खोकी करण्यात गेलं. दुसरं, क्ष आणि ज्ञ यांना वेगळं खोकं द्यावं का, यात. मग कार्डं आखली. मग प्रश्नावली आली, ती चारदा नव्यानं लिहून झाली. तोवर हौसा गुडघ्यांनी थकून गावी परतली होती. लांजा म्हणजे काही काशी नव्हे, दीड तासाची एसटी. उल्का दर दोन महिन्यांनी जाई, निघताना म्हणे, "चला की." ते म्हणत, "प्रश्नावली पक्की होऊ दे." एकदा खोकी पुसता पुसता तीच हौसाचे शब्द सांगायला लागली, तर त्यांनी हात वर केला. "असं सुटं सुटं नको. क्रमानं आणि मूळ माणसाकडूनच यायला हवं."

खोकी पुसायचं काम दर शनिवारी उल्काचंच होतं. त्यामुळे आत काय आहे ते तिला ठाऊक होतं. डांबरगोळ्या.

शुक्रवारी दोघं लांज्याला गेली. परशुरामांच्या पिशवीत प्रश्नावली, दोन पेनं आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा होता.

हौसा खाटेवर पडून होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, डोळे मात्र तेच. उल्काला पाहिल्यावर ते भरून आले आणि ओठ हलले.

"तुसां," ती म्हणाली.

"येवडाच येतां तिला, काकी," अनिल म्हणाला. "पानी पायजे तरी ताच, दुखला तरी ताच. डॉक्टर बोलले, असा होतां कधीकधी. एकच शब्द उरतो."

उल्कानं उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजलं. हौसानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. "तुसां. तुसां." त्यात काय काय होतं ते उल्काला पोचत होतं, पण कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मागे पिशवीची चेन वाजली. परशुरामांनी कार्ड काढून चष्मा बदलला होता.

"हौसा, नीट सांग हं. तुसं की तुसां?" ते वाकून जरा मोठ्यानं म्हणाले. "शेवटी नाकात आहे ना उच्चार? पुन्हा एकदा म्हण बघू."

हौसानं मान त्यांच्याकडे वळवली.

"तुसां," ती म्हणाली.

यावेळचा अर्थ अनिललाही कळला असावा. तो दाराबाहेर बघू लागला.

"छान," परशुराम म्हणाले आणि त्यांनी लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत ते खुशीत होते. सुरुवात झाली म्हणाले, आता अडणार नाही. उल्का खिडकीबाहेर बघत होती. तिला पडवीतला खिळा आठवत होता. हौसाचा कप त्या खिळ्याला टांगलेला असे, तीस वर्षं, घरातल्या कपांपासून वेगळा. तो परशुरामांनी टांगला नव्हता. सासूबाईंनी टांगला, आणि सासूबाई गेल्यावरही उल्कानं काढला नाही. हौसा निजायचीही पडवीतच, झडीच्या दिवसांतसुद्धा. दर दोन महिन्यांनी चिवड्याचा डबा घेऊन जायचं, डोळ्यांना पदर लावायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचं, हे तरी दुसरं काय होतं? घरात मुसळं दोन होती, एवढंच.

लांज्याच्या स्टँडवर परशुराम शेंगदाणे घ्यायला उतरले होते, तेवढ्यात तिनं अनिलला फोन केला होता.

घरी आल्यावर परशुरामांनी पाय धुतले, 'त'चं खोकं उघडलं आणि कार्ड आत उभं केलं. मग सगळ्यांना हाक मारून ते दाखवलं. "नंबर एक!"

मनस्विनीनं कार्डाकडे पाहिलं, टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. 'हौसाची व्यवस्था' आणि खाली दोन रेघा.

"पण बाबा, हौसाबाईंचं काय ठरलं?"

"त्याचा सविस्तर विचार करू. हा रविवार जाऊ दे."

उल्कानं चहाचा ट्रे त्या कागदावर ठेवला.

"हौसा उद्या येते आहे," ती म्हणाली. "अनिलशी बोलणं झालंय, गाडी ठरलीय. ती मधल्या खोलीत राहील. मुकुल, चहा घेतलास की खाट आत घे. खोकी पडवीत जातील."

"पडवीत?" परशुराम उठून उभे राहिले. "अगं, अजून परतीचा पाऊस आहे! झड येते तिथं!"

"हौसा तिथंच निजायची," उल्का म्हणाली. "खोकी पडवीत जातील."