चार बोटांवर एक चूक

कुणी कापड दाखवलं की रझियाआपा ते आधी उलटं करायच्या. भारीतलं पैठणी काठाचं असलं तरी तेच. "पुढून सगळेच देखणे असतात," म्हणायच्या.

लातुरात माझ्या शिलाई दुकानाला लागून त्यांची खोली. भूकंपात औशाकडचं घर पडलं, तेव्हा भावाकडं आल्या त्या इथल्याच झाल्या. छावणीत त्यांना एक गोधडी मिळाली होती, कुण्या अनोळखी बाईनं शिवलेली. "नाव न्हाई, गाव न्हाई. पर तिच्या टाक्यात मी तीन हिवाळे झोपले," हे त्या ज्याला त्याला सांगत.

पुढं शहरात कोचिंग वाढलं. आमच्या गल्लीत घरागणिक पोरींची वसतिगृहं झाली. मी गणवेश शिवायचो, चिंध्या आपा पोत्यानं न्यायच्या. सुनेनं फोन घेऊन दिला तसा आपांनी त्यावर गोधडीचा गट काढला. मुखेड, कंधार, अहमदपूर, कुठकुठल्या बायका त्यात. प्रत्येकीनं वीतभर चौकोन हातानं शिवायचा, फोटो टाकायचा, बाकीच्यांनी नावं ठेवायची, तिनं सुधारायचा आणि एस.टी.नं धाडून द्यायचा. आपा ते जोडून गोधडी करत आणि घर सोडून आलेल्या पोरींना पांघरायला देत. त्यांना लिहिता येत नव्हतं, सगळा कारभार बोलून. "मुखेडवाली, दोरा इतका ओढू नको, कापडाला दम लागून राहिला."

मी म्हटलं, मला बी घ्या, उस्ताद म्हणून. शाळा चौथीत सुटली खरी, पण पन्नास वर्षं मशीनवर काढली आहेत. अख्ख्या बाजारात माझ्या टिपेला तोड नाही. आपा म्हणाल्या, आधी चौकोन, मग उस्ताद.

आता मी काय बायकांसारखा सुई घेऊन बसणार? मशीनची टीप मोठी केली, चौकोन मारला. फार सरळ आला. हातचा वाटावा म्हणून दुसरा केला, दर चार बोटांवर कापडाला जरा हिसका देऊन. फोटो टाकला. कंधारच्या बाईनं लगेच हात जोडले. मी दुकानात दोन चहा मागवले, दोन्ही मीच प्यालो.

संध्याकाळी आपा फोन घेऊन दारात. रागावल्या नव्हत्या, हसू दाबत होत्या.

"मास्तर, बाया मनानं चुकतात. तुमी फूटपट्टीनं चुकलाव."

मी म्हटलं, हातचंच आहे. त्यांनी फोटोवर चार बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. प्रत्येक वेळी बोटाशेजारी एक चूक. मग माझ्यासमोरच गटात बोलल्या, "हा चौकोन मशीनचा हाय. गोधडीत लागणार न्हाई. मास्तरांचा हात अजून यायचाय."

दोनशे बायकांत माझ्या टिपेची ही शोभा. मी गट सोडला. चिंध्यांचं पोतं आत ओढून ठेवलं. आपांनी मागितलंही नाही, स्वतःच्या जुन्या ओढण्या फाडून काम चालवलं. त्याचाच जास्त राग आला.

शेवटी एका दुपारी शटर अर्धं ओढून सुई घेतली. चार पदरी जुन्या कापडात सुई घालायची म्हणजे काय ते तेव्हा कळलं. तीन सुया मोडल्या, बोटाला भोकं पडली. सहा दुपारी गेल्या. आलेला चौकोन बघून मलाच लाज वाटली. तरी पोत्यावर ठेवून दोन्ही त्यांच्या दारात नेऊन टाकली.

पंधरा दिवसांनी गोधडी झाली. माझा चौकोन अगदी पायाकडच्या काठाला. मी विचारलं, उस्तादाची जागा ही?

"मास्तर, पाय गार पडले की पोरीला झोप येत न्हाई. शिकाऊ माणूस भिऊन भिऊन लई दाट टाके घालतो. ऊब तिथंच जास्त."

आपा गेल्या त्याला दोन हिवाळे झाले. आता कंधारच्या बाई गोधड्या जोडतात. माझा चौकोन अजून पायाकडंच लागतो. वर घ्या, असं मी कधी म्हटलं नाही.