नळाचा खोकला

अगं, फोन कानाला नीट लाव जरा. गौरीला आली नाहीस ती नाहीसच, वर आता विचारतेस, "मावशी, विशेष काय?" विशेष! इथे आमची वाट लागली होती.

सूनबाईचा लग्नानंतरचा पहिला ओवसा. गौरीपुढे ठेवायची सुपं सजलेली, पंचवीस माणसं जेवायला. आणि मी शहाणीने आदल्या दिवशी गच्चीवरची टाकी घासायला काढली. पार तळ कोरडा केला, संध्याकाळी काठोकाठ भरली. सकाळी वरच्या स्वयंपाकघरात नळ सोडला तर नुसतं फुस्स! थेंब नाही.

आमचे हे म्हणतात, "आता ओवाळ तुझ्या स्वच्छतेला."

प्लंबर गणपतीला कणकवलीला. आमच्या सगळ्या चारकोपचे प्लंबर कोकणातच! सूनबाईचे डोळे भरलेले. खाली अंगणात महापालिकेचा नळ, त्याला पाणी आठपर्यंत. पावणेआठ वाजलेले. बादल्या वाहून पंचवीस माणसांचं निभणार कसं?

मी नळाला कान लावला. आत गुरगुर. आणि एकदम ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळची सलाईन आठवली. नळीत बुडबुडा अडकला की नर्स टिचक्या मारून काढायची. म्हटलं, पाइप रिकामा झाला तेव्हा हवा शिरली, ती वळणावर अडून बसलीय. टाकी डोक्यावर जेमतेम सहा-सात फूट. एवढ्याशा उंचीवरचं पाणी तिला काय ढकलणार? पण खालच्या नळाला केवढा जोर! तोंडावर बोट धरलं तर चिळकांडी गच्चीपर्यंत जाते.

"झाडांचा पाइप खिडकीतून वर घ्या!" मी ओरडले. एक टोक खालच्या नळाला, दुसरं स्वयंपाकघरातल्या नळाला, वरून जुन्या साडीची चिंधी करकचून बांधली. सूनबाई खाली, मी वर, हे गच्चीवर टाकीत डोकावून. दोन्ही नळ सोडले. पाणी उलटं चढायला लागलं.

"अहो, दिसतंय का काही?"

"काही नाही... अगं, बुडबुडे! भसाभस बुडबुडे येतायत!"

पाइप नळावरून काढला. नळ खोकला, थुंकला, दोनदा शिंकला आणि मग धो धो! सूनबाई धावत वर आली ती भिजल्या साडीनेच मला बिलगली. हे म्हणतात, "आता तुलाच ओवाळतो."

ओवसा वेळेवर झाला. तुझं तेवढं पान रिकामं राहिलं. तेव्हा लवकर ये बाय, सकाळी सातच्या आत, खाली पाणी असताना. टाकी काही परत रिकामी करणार नाही, पण चिंधी कशी बांधली ते दाखवीन, आणि जेवल्याशिवाय सोडणार नाही.