हान्याची तुळस

गावाच्या नावापासूनच घोळ सुरू झाला. तिकिटावरची अक्षरं आम्ही अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीच्या घरी महिनाभर 'चानिया' अशी वाचत होतो. तिथल्या विमानतळावरचा टॅक्सीवाला 'हान्या' म्हणाला, तेव्हा मी त्याला ठासून सांगितलं, हान्या नको, चानिया. त्यानं हॉटेलचा कागद वाचला आणि आम्हाला मुकाट्यानं हान्याला नेऊन सोडलं. तेच आमचं गाव होतं. नवरा वाटभर खिडकीबाहेर बघून हसत होता, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.

२००६ सालचा मे महिना होता. भूमध्य सागरातल्या क्रीट बेटावरच्या ह्या जुन्या बंदराच्या गावात नवऱ्याची कॉन्फरन्स होती, आणि आई तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली होती. तिला मागे एकटी कशी ठेवायची, म्हणून तीही आमच्याबरोबर. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. नाशिकचा फ्लॅट विकायचा आणि आईनं कायमचं आमच्याकडे अमेरिकेत राहायचं, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. फ्लॅटला गिऱ्हाईक आलेलं, एजंट त्याच आठवड्यात उत्तर मागत होता. आईचं भारतात परतायचं तिकीट जूनचं होतं, ते कॅन्सल करायचं की नाही तेही ठरायचं होतं. सगळं अडलं होतं ते आईच्या एका शब्दावर. आणि आई म्हणत होती, "बघू."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. पास नाहीतर फेल, तिसरा रकाना माझ्या डोक्यात बसत नाही. 'बघू' हा मराठी माणसानं शोधून काढलेला तिसरा रकाना आहे. स्थळाला चालतो, वर्गणीला चालतो, जेवायच्या आमंत्रणाला चालतो. त्याचा अर्थ हो की नाही, हे बोलणाऱ्याच्या घरातल्यांना म्हणे कळतं. मी घरातलीच होते, आणि मला काडीचं कळत नव्हतं.

आई निवृत्त शिक्षिका. शाळेत भूगोल शिकवायची. 'भूमध्य सागरी हवामान' हा धडा तिनं जन्मभर शिकवला: उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, द्राक्षं, ऑलिव्ह, लिंबाच्या जातीची फळं. आता तो धडा प्रत्यक्ष समोर आला, तर ती पेपर तपासावा तसा तो तपासत फिरत होती. बंदरावर व्हेनिसच्या लोकांनी बांधलेल्या उंच, जुन्या इमारती आहेत, अगदी पाण्याला खेटून. मी म्हटलं, किती सुंदर! आई म्हणाली, "इथे भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. म्हणून एवढ्या जवळ बांधायची छाती झाली." पलीकडे घुमटाची मशीद, समोर दीपगृह, आणि मे महिन्यातही मागच्या डोंगरांवर बर्फ. आई खूश होती. धडा बरोबर निघाला होता.

मी मात्र हैराण. जुन्या गावातल्या गल्ल्या अशा वळतात की सरळ चालत राहिलं तरी माणूस पुन्हा त्याच चपलांच्या दुकानासमोर येतो. त्यात लोकांचं बोलणं. एका छोट्या खानावळीत मी आजोबांना विचारलं, व्हेजिटेरियन काही आहे का? ते म्हणाले, "ने, ने." मी ते 'नाही, नाही' असं ऐकलं आणि आईला घेऊन बाहेर पडले. आजोबा दारापर्यंत आमच्या मागे आले, हातवारे करत. दुसऱ्या ठिकाणी आईनं दह्याच्या वाडग्याकडे बोट दाखवलं, तर वेटरनं नुसत्या भुवया उंचावल्या. आपल्याकडे भुवया उंचावल्या की 'काय?' असा अर्थ होतो. म्हणून आईनं आणखी मोठ्यानं सांगितलं, "दही! दही!" त्यानं आणखी वर उंचावल्या. खूप वेळानं उमगलं, की दही संपलं होतं आणि तो आपल्या परीनं स्पष्ट 'नाही' म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा कॉन्फरन्सला गेलेला, आणि आम्ही दोघी पुन्हा रस्ता चुकलो. मी एका कोपऱ्यावर नकाशा उलटसुलट करत उभी होते. मान वर केली तर आई गल्लीतून येताना दिसली. कडेवर मूल घ्यावं तसा तिनं एक पत्र्याचा डबा घेतला होता, निळा रंग दिलेला, तेलाचा असावा. डब्यात दाट, बारीक पानांचं हिरवंगार झुडूप.

"हे काय?"

"तुळस गं! निदान तुळशीची चुलत बहीण तरी. चुरडून वास बघितला. एका बाईंच्या दारात होती."

"आणि त्यांनी दिली?"

"दिली की! मी विचारलं, ही तुळस ना? म्हणाल्या, ने. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, खरंच नेऊ? तर मान डोलवून म्हणाल्या, ने, ने! काय मनाचा मोठेपणा बघ."

क्रीटमधली बाई मराठी का बोलेल, हा प्रश्न माझ्या आईला पडलाच नव्हता. पण मला तरी कुठे पडला? माझं लक्ष भलतीकडेच लागलं होतं.

"कुठे नेणार हे?"

"श्रूजबरीला. तुझ्या सिंकवर ती उन्हाची खिडकी आहे ना, तिथे."

ही झाड लावतेय माझ्या घरात! म्हणजे राहतेय! मला इतका आनंद झाला, की अमेरिकेच्या कस्टम्समधून मातीसकट झाड कुणी नेऊ देत नाही, हे माहीत असूनही मी बोलले नाही.

तेवढ्यात मागून "ओही! ओही!" असा आरडाओरडा झाला. काळ्या कपड्यांतल्या एक आजी स्लिपर फटकारत येत होत्या.

"बघ, ओके ओके म्हणताहेत," आई म्हणाली आणि त्यांना हात केला.

शेवटी चामड्याच्या पिशव्या विकणारा एक दुकानदार बाहेर आला. त्याला इंग्लिश येत होतं. त्यानं विचारलं, तुमच्या आईनं ह्यांचं झाड का उचललं? मग त्यानंच उलगडा केला. त्यांच्या भाषेत 'ने' म्हणजे हो, आणि 'ओही' म्हणजे नाही. मी त्याला मराठी 'ने'चा अर्थ सांगितला. त्यानं तो आजींना सांगितला. आजी कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत राहिल्या, आणि मग अशा हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. आईचा चेहरा लाल झाला होता. तिनं डबा परत दिला, दोन्ही हात जोडले. आजींनी एक डहाळी मोडून तिच्या हातात ठेवली.

आम्ही बंदरावर येऊन बसलो. मी खुशीतच होते.

"मग ठरलं तर! एजंटला आज फोन करून टाकते. तू राहतेयस."

"मी कधी म्हटलं?"

"अगं, आत्ताच! खिडकीत तुळस ठेवणार होतीस ना?"

"तुझ्यासाठी," आई म्हणाली. "मी गेल्यावर तुला पाणी घालायला काहीतरी."

माझा आवाज चढला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले, तरी चढला. मी म्हटलं, तिथे तुझ्या गुडघ्यांचं कोण बघणार? पडलीस तर? बीपीच्या गोळ्यांची आठवण कोण करणार? आईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही दोघं मला फार जपता," ती म्हणाली. "जावई तर पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाहीत. पण नाशिकला परीक्षा आली की बिल्डिंगमधली पोरं नकाशे घेऊन माझ्याकडे येतात. तिथे माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं."

"आणि माझं नाही अडत?"

हे मी भांडणाच्या भरात बोलून गेले. आईनं वळून माझ्याकडे पाहिलं. ती खरोखरच गोंधळली होती. तीन दिवसांत पहिल्यांदाच मी तिला गोंधळलेली पाहत होते.

"तुझं? तू तर माझ्या गुडघ्यांबद्दल बोलतेस. गोळ्यांबद्दल बोलतेस. मला तू हवी आहेस, असं एकदा तरी म्हणालीस का?"

मी तोंड उघडलं. दिवसभर फोनवर अनोळखी लोकांशी धडाधड बोलणारी मी, दीपगृहाकडे बघत बसले. नवरा कॉन्फरन्समधून आला आणि त्यानं विचारलं, "काय यार, काय डिसाइड झालं?" तेव्हाही मला सांगता आलं नाही.

फ्लॅट विकला नाही. जूनमध्ये बॉस्टनच्या विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेपाशी, मी आईला बंदरावर राहून गेलेलं ते वाक्य म्हटलं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, म्हणाली, "आता कळलं," आणि पर्स सावरत आत गेली.