डावा की उजवा

कॅमेरेवाल्या काकांचा किमतींवर विश्वास नव्हता, आणि स्वतःच्या डोळ्यांवर तर त्याहून नाही. एका मासिकासाठी ते बावीस वर्षं कॅमेऱ्यांची तुलना लिहीत आले होते. महाग कोणता हे ठाऊक असलं की डोळे त्याचीच तळी उचलतात, असं ते म्हणत. म्हणून निकाल काकूंचा. त्यांना कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि काकांच्या लेखी हीच त्यांची लायकी.

पद्धत ठरलेली. मागच्या खोलीत एकच मिणमिणता दिवा, खुर्चीवर काळी छत्री. प्रकाश टिपणारा आतला तुकडा, म्हणजे सेन्सर, नखाएवढा असला की छत्रीच्या घड्यांत वाळू सांडल्यासारखे दाणे दिसत. टपालाच्या तिकिटाएवढा असला की काळोख बहुधा स्वच्छ येई. दोन्ही फोटो छापून काका काकूंच्या हातात देत आणि मागे उभे राहत. काकू एकेक डोळ्यांपाशी नेऊन "डावा" किंवा "उजवा" म्हणत, आणि काका ते निमूट लिहून घेत.

त्या दिवशी फोटो दिले आणि फोन वाजला. काका बोलून परत आले, तर काकू म्हणाल्या, दोन्ही सारखेच.

नख आणि तिकीट सारखंच? काकांनी खापर कॅमेऱ्यांवर फोडलं. सेन्सर साफ केले, दिवा बदलला, छापणाऱ्याला चार शब्द सुनावले. तीन दिवस छत्री खुर्चीवरच होती. चौथ्या दिवशी काकू बाहेर जायला निघाल्या आणि छत्री कुठे ठेवलीत, असं त्यांनी छत्रीसमोरच उभं राहून विचारलं.

काकांनी छत्री उचलून त्यांच्या हातात दिली.

"कधीपासून दिसत नाहीये तुला?"

"वर्ष होत आलं. तुम्ही काम सोडून द्याल म्हणून नाही बोलले."

"मग निकाल कसे द्यायचीस?"

"चांगला फोटो वर धरला की तुम्ही मागे हळूच श्वास सोडता."

म्हणजे वर्षभराचे निकाल काकांचे स्वतःचेच होते. त्याची लाज त्यांना नंतर वाटली. आधी वाटली ती ही, की काळोखातला एकेक दाणा मोजणाऱ्याला घरातल्या माणसाचे डोळे दिसले नाहीत.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पार पिकलाय. काढू, पण मागचा पडदा किती शाबूत आहे ते नंतरच कळेल.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी काकूंच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत विचारायला सुरुवात केली, हे स्पष्ट की हे? काका मागे स्टुलावर होते. पहिल्या भिंगालाच त्यांनी श्वास कोंडून धरला.

काकूंनी बराच वेळ घेतला.

"दुसरं," त्या म्हणाल्या, आणि तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ एक अक्षर सोडून सगळी वाचली. मग मागे न वळता म्हणाल्या, "सोडा आता श्वास."