चार वेळा जोडलेला रस्ता

मला चुका दिसतात. मी त्या शोधायला जात नाही, त्या आपल्या पायांनी माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात. लग्नपत्रिकेतला चुकलेला वार, हॉटेलच्या भिंतीवरची बोटभर तिरकी तसबीर, शेजारणीच्या दारातल्या रांगोळीत राहून गेलेला एक ठिपका. आधी भोसरीत आणि नंतर चाकणला, मिळून पंचवीस वर्षं मी फायनल इन्स्पेक्शनला काढली. मशीनवरून उतरलेला पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. बसला तर हिरवा क्रेट, नाही बसला तर लाल. लाल क्रेटमध्ये टाकताना मी कधी दोनदा विचार केला नाही. ऑपरेटर मंडळी माझ्या पाठीमागे मला काय म्हणायची तेही मला माहीत आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

निवृत्त झाल्यावर ही सगळी नजर घरच्यांच्या वाट्याला आली. नवऱ्याने दोन महिने सोसलं. मग तो सकाळी फिरायला जायला लागला, आणि त्याचं फिरणं दिवसेंदिवस वाढतच गेलं. शेवटी लेक मध्ये पडली. ती हिंजवडीला आयटीत आहे. "आई, तुला चुकाच काढायच्यात ना? मग आमच्या काढ. बाबांना सोड."

तिचा आणि तिच्या मैत्रिणींचा एक उपक्रम होता. उपग्रहाने वरून टिपलेला भोसरीचा फोटो संगणकावर उघडायचा आणि त्यात दिसणारी छपरं, रस्ते, बोळ रेषांनी गिरवून नकाशात जोडायचे. मोठे रस्ते सगळ्याच नकाशांत असतात. कामगारांच्या खोल्यांमधल्या बोळांना कोणी विचारत नाही. पुष्कळ हौशी लोक महिनाभर घरबसल्या हे काम फुकट करणार होते, आणि तयार झालेला नकाशा रुग्णवाहिकावाल्यांच्या मोबाइलमध्ये जाणार होता. कोणी किती काम केलं ते रोज एका बोर्डावर झळकायचं. एक छप्पर किंवा एक रस्ता जोडला की एक गुण. पहिल्या नंबराला नवा कोरा लॅपटॉप. आणि सगळ्यांचं काम तपासायला मी.

पहिल्याच दिवशी मला माहेरी आल्यासारखं वाटलं. एकाने ट्रकतळावरचे झाडून सगळे ट्रक घरं समजून गिरवले होते, ओळीने, अगदी मन लावून. एकीने भंगाराच्या ढिगाला शाळा केलं होतं. मी कंबर कसली आणि कारखान्यातला नियम इथे लावला. प्रत्येक खात्यातले दहा नग उचलायचे. दोनपेक्षा जास्त चुकीचे निघाले तर अख्खा लॉट परत, म्हणजे त्या खात्याचं सगळं काम पुसून टाकायचं.

"आई, ही माणसं फुकट काम करतायत गं," लेक म्हणाली.

"फुकटचं आहे म्हणून वाकडं चालतं का?" मी म्हटलं. तिने हात टेकले.

बोर्डावर पहिल्या नंबरावर एक खातं ठाण मांडून बसलं होतं. कोणा पुरुषाच्या नावाचं होतं. त्यातले दहा नग मी उचलले आणि चक्रावले. काही छपरं अशी नेटकी की कोपरे काटकोनात, रेष कडेला चिकटलेली, बघत राहावं. काही छपरं आपली ठीकठाक, पास होण्यापुरती. आणि बाकीच्या ठिकाणी काही जोडलेलंच नव्हतं, होतं तेच खोडलेलं होतं! फोटोत धडधडीत दिसणाऱ्या शेड्स, खोल्या, नकाशातून गायब. त्यातही एक रस्ता. पत्र्याच्या शेड्सच्या मागून निघून मोठ्या रस्त्याला मिळणारा, फोटोत भांगासारखा सरळ. तो खोडलेला होता. मी परत जोडला. दोन दिवसांनी बघते तर खोडलेला. मी जोडला. पुन्हा खोडला. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा जोडताना मी संगणकाशी मोठ्याने बोलत होते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे.

मी या इसमाचं नाव खोडरबर ठेवलं. आणि मग मला त्याची चाल कळली. नकाशात प्रत्येक बदलाची वेळ नोंदलेली असते. मी वहीत रकाने आखले. पहिल्या आठवड्यात खोडाखोड फक्त सकाळी, नेटकं काम दुपारी, ठीकठाक काम संध्याकाळी. दुसऱ्या आठवड्यात सोमवारपासून खोडाखोड संध्याकाळी गेली आणि नेटकं काम सकाळी आलं. तिसऱ्या सोमवारी पुन्हा सगळ्यांच्या जागा बदलल्या. गुरुवारी मात्र तिन्ही कामं एकात एक, नुसता गोंधळ.

ज्याने कारखान्यात जन्म काढला नाही त्याला हे कोडं वाटेल. मला वाटलं नाही. दर सोमवारी जागा बदलणारी या भागात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शिफ्ट. आणि भोसरीच्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. हे एक खातं तीन शिफ्टमधली तीन माणसं चालवत होती, ज्या वेळी ज्याची ड्युटी नसेल तो. मी उड्या मारत वही नवऱ्याला दाखवायला नेली. तो बुटांच्या नाड्या बांधत होता.

नियमाप्रमाणे एका माणसाला एकच खातं आणि एका खात्याला एकच माणूस. शिवाय खोडरबरमुळे लॉट नापास. म्हणजे त्या नेटक्या हाताचं आजवरचं कामही पुसलं जाणार आणि लॅपटॉप दुसऱ्याला जाणार. लेकीने अक्षरशः हात जोडले. "पुसण्याआधी एकदा बोल तरी त्यांच्याशी. आणि आई, तिथे जाऊन भांडू नकोस." नोंदणीतल्या नंबरावर तिनेच फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "गुरुवारी या मॅडम. गुरुवारी तिघं असतो."

पिंपळे सौदागरहून बस धरून मी भोसरीला गेले. खोली एवढीशी. एक खाट, खाटेवर चार्जिंगला लावलेला एक म्हातारा लॅपटॉप, आणि भिंतीशी साहेब राउंडला आल्यासारखे उभे तीन पुरुष.

"तिघांत एक खातं का?" मी बसायच्या आधीच विचारलं.

"लॅपटॉप एकच हाय ना, मॅडम," त्यातला मिशीवाला म्हणाला. चाळिशीचा असेल, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. "मशीनला नंबर असतो. शिफ्ट बदलली की माणूस बदलतो, नंबर कुठं बदलतो?"

आमच्याही कारखान्यात लॉटच्या टॅगवर मशीनचाच नंबर असायचा.

नेटका हात चष्मेवाल्याचा निघाला. त्याला डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकून कारखान्यातल्या प्रेस शॉपमधून सुटायचं होतं, आणि या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर उघडायलाच तयार नव्हतं. तिसरा सगळा वेळ चहाच्या मागे होता.

"आणि खोडणारा कोण?"

दोघांनी जमिनीकडे पाहिलं. मिशीवाल्याने शाळेत करतात तसा हात वर केला.

"रस्ता का खोडता हो तुम्ही सारखा?"

"न्हाईच तितं रस्ता."

"फोटोत स्वच्छ दिसतोय!"

"फोटूत असंल," तो शांतपणे म्हणाला. "चला, दावतो."

पाच मिनिटं चाललो. शेड्स, पाण्याचे ड्रम, वाळत घातलेले कपडे, आणि मग रस्ता संपला. समोर भिंत. माझ्यापेक्षा दीड हात उंच, वर काचा रोवलेल्या. कोणीतरी पलीकडचा प्लॉट घेऊन कुंपण घातलं होतं. भिंत काही कालची नव्हती. तिच्यावरचा चुना उडून गेला होता आणि खाली शेवाळ धरलं होतं. मी उगाच तिच्यावर हात ठेवून पाहिला. गेज बरोबर आहे की नाही हे अधूनमधून तपासावं लागतं, हे मी नव्या पोरींना वर्षानुवर्षं शिकवत आले. आणि इथे तीन आठवडे मी जुन्यापान्या फोटोचं गेज करून लोकांचं काम मोजत होते.

भिंतीला लागूनच स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याचे म्हातारे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणत होते, स्टुलावर बसून आमची गंमत बघत होते.

"ताई, या भिंतीला माझ्याइतकं कोण ओळखतं?" ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यात छातीत कळ आली, गुरुवारी, भर दुपारी. पोरांनी ॲम्ब्युलन्स बोलावली. आली पण झटक्यात! सायरन ऐकू येतोय, इतक्या जवळ. मी म्हटलं, या अल्ला, आवाज पोचला, गाडी कुठंय? गाडी भिंतीच्या पलीकडं! डायव्हर म्हणतो, मोबाइलमध्ये रस्ता हाय. मग या तिघांनी मला खाटेवर घातलं आणि सगळ्या शेड्सना वळसा मारून तिकडं नेलं. अहो, खाट इतकी हलत होती, मला वाटलं दुखण्यातून वाचलो तर खाटेवरून पडून जाईन."

सगळे हसले. मीही हसले, आणि मग मला हिशेब लागला. आम्ही तिथे उभे होतो त्या घडीलाही आमच्या नकाशात तो रस्ता होता. मीच जोडलेला होता. चाचांना पुन्हा कळ आली असती तर गाडी पुन्हा भिंतीवरच आली असती, आणि ती व्यवस्था मी एकदा नाही, चार वेळा केली होती.

"अहो, मग सांगायचं नाही का?" मी मिशीवाल्यावरच चिडले. चूक माझी असली की मी जास्त चिडते.

"लिव्हलं व्हतं की, मॅडम. शेऱ्यात. चारी डाव."

नापास मालाच्या टॅगवर ऑपरेटरच्या शेऱ्यासाठी एक ओळ असायची. नवी होते तेव्हा मी ती वाचायचे. टूल झिजलंय, मटेरियल कडक आहे, लाइट गेली होती. सगळ्या सबबी. साहेब म्हणाले, शेरे वाचू नका, पार्ट बघा. तेव्हापासून मी एकही शेरा वाचला नाही, आणि याचा मला अभिमान होता. नकाशात प्रत्येक बदलाशेजारी तशीच शेऱ्याची चौकट असते. ती मी एकदाही उघडली नव्हती.

घरी येऊन उघडली. चार शेरे होते.

पहिला: "इथे भिंत आहे. रोड बंद. कृपया नोंद घ्यावी."

दुसरा: "भिंत जुनी आहे. मी शेजारीच राहतो."

तिसरा: "फोटो आधीचा आहे. एकदा येऊन बघा. चहा घेऊ."

चौथा: "या रोडमुळे चाचाला खाटेवर न्यावं लागलं. पाया पडतो, रोड टाकू नका."

मग तो रस्ता मी माझ्या हाताने खोडला आणि सवयीने बोर्ड पाहिला. तपासणारीचंही नाव बोर्डावर असायचं. माझ्या नावावर त्या रस्त्याचे चार गुण होते, चार वेळा जोडल्याबद्दल. मिशीवाल्याच्या चार वेळा खोडण्याचे शून्य.

"माझे चार वजा कर," मी लेकीला सांगितलं.

"आई, बोर्डाला वजाबाकी येत नाही."

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले आणि त्याने खोडलेली प्रत्येक जागा त्याच्याबरोबर पायी फिरून पाहिली. पाडलेल्या शेड्स, उठवलेल्या खोल्या. सगळं बरोबर होतं. एकच चूक निघाली. लेबर ठेकेदाराचं ऑफिस. ते जागेवर होतं आणि चांगलं मजबूत होतं.

"हे का खोडलं?"

"ते आपलं असंच, मॅडम."

ते मी परत जोडलं. नियम तो नियम.

त्याच नियमाने एका खात्याची तीन खाती करावी लागली. कोणाची कोणती शिफ्ट कधी होती ते त्यांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं, खाट कोणाला कधी मिळणार त्यासाठी. त्यावरून मी काम वाटून दिलं. कोणाचं काही पुसलं गेलं नाही, पण तीन वाटे झाल्यावर तिघांतला एकही पहिला राहिला नाही. लॅपटॉप वाकडच्या एका कॉलेजकुमारीला गेला. चष्मेवाल्याने तोच म्हातारा लॅपटॉप पुन्हा चार्जिंगला लावला. त्याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

शेवटच्या दिवशी लेकीच्या ऑफिसच्या हॉलमध्ये प्रमाणपत्रं वाटली. प्रत्येकावर नाव आणि जोडलेल्या गोष्टींचा आकडा. मिशीवाल्याचा आकडा अगदीच किरकोळ होता. खोडलेल्याचा तर रकानाच नव्हता. त्याचं प्रमाणपत्र मी टेबलावरून उचललं, पर्समधलं पेन काढलं आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलं: "नसलेला एक रस्ता यांनी चार वेळा खोडला. तपासणीची चूक होती. यांचं बरोबर होतं." आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

त्याने ते सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं.

"बरं झालं, मॅडम," तो हसून म्हणाला. "ह्यो शेरा लोक वाचतील. इन्स्पेक्टरनं लिव्हलाय."